विवाहप्रतिज्ञेचे शब्द आणि त्यांचे कर्तृत्व : सत्यशोधक मंगलाष्टकांपासून चॅटबॉटपर्यंत

प्रास्ताविक

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ओपनएआय’ या अमेरिकन संस्थेने ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर थोड्याच अवधीत पाश्चात्त्य देशांतील वधूवर विवाहप्रतिज्ञा व सत्कारसमारंभातील भाषणे या यंत्राकडून लिहून घेऊ लागले. महाराष्ट्रातही उखाणे, मंगलाष्टके व स्वागतसमारंभातील मनोगते यांसाठी त्याचा आधार घेतला जातो. जीवनातील सर्वांत व्यक्तिगत प्रसंगी माणसाने उसने शब्द वापरावेत काय, असा आक्षेप यावर घेतला जातो. विवाहसंस्थेचा इतिहास पाहता हा आक्षेप चुकीच्या जागी घेतला गेला आहे. विवाहप्रसंगी उच्चारले जाणारे शब्द बहुतांश काळ दुसऱ्याचेच होते. ते कोणाचे होते, उच्चारणाऱ्यास कळत होते काय आणि त्यांची जबाबदारी कोण घेत होते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांचा मागोवा घेतला आहे.

परंपरेतील उसने शब्द

आश्वलायन गृह्यसूत्रात सप्तपदीचे सात हेतू सांगितले आहेत. अन्न, बल, धनवृद्धी, सुख, संतती व ऋतू या सहा पदांनंतर सातवे पद सख्यत्वाचे आहे. हे शब्द वराने उच्चारावयाचे असले तरी प्रत्यक्षात पुरोहित सांगतो व वर त्याच्यामागून म्हणतो. ‘नातिचरामि’ हे वचनही असेच उच्चारले जाते. ज्याला संस्कृत येत नाही अशा वराने आपण कशास बांधले जात आहोत हे न कळता ते दिलेले असते. वधूच्या वाट्यास तर या विधीत बोलणे फारसे येतच नाही.

मराठी विवाहातील मंगलाष्टकांची गोष्ट थोडी निराळी आहे. शार्दूलविक्रीडित हे त्यांचे रूढ वृत्त. गावातील शिक्षक, हौशी कवी किंवा घरातील एखादे काका वधूवरांची व कुलांची नावे गुंफून ती रचत. छापील प्रती मंडपात वाटण्याचीही पद्धत होती. साचा ठरलेला, नावे तेवढी नवी. यंत्राकडून आज जे करून घेतले जाते ते तत्त्वतः याहून फार वेगळे नाही. मात्र ती रचणारा माणूस मंडपात उपस्थित असे आणि मात्रा चुकली तर लोक त्यालाच बोल लावत, हा फरक लहान नव्हे.

उखाण्याबाबत तर मौलिकतेचा आग्रह कधी कोणी धरलाच नाही. पतीचे नाव एरवी न घेण्याच्या रूढीतून निर्माण झालेली ही मुभा होती. आत्या, मावशी, शेजारीण यांच्याकडून उखाणा पाठ करून घेतला जाई. पुढे उखाण्यांच्या स्वस्त पुस्तिका आल्या. उखाणा ही समूहाची मालमत्ता होती आणि त्यात कोणी कोणास कशाचे वचन देत नव्हते. त्यामुळे चॅटबॉटने रचलेल्या उखाण्यावर संताप व्यक्त करण्याचे कारण नाही. तो बहुधा बेचव असतो, एवढेच म्हणता येईल.

सत्यशोधक विवाह

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी सीताराम आल्हाट व राधा निंबणकर यांचा विवाह ब्राह्मण पुरोहिताविना झाला. सावित्रीबाई फुले यांनी त्यात पुढाकार घेतला होता. या घटनेचा विचार सामान्यतः दक्षिणेच्या व पौरोहित्याच्या मक्तेदारीच्या अंगाने केला जातो आणि तो योग्यच आहे. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील प्रकरणात जोशांचा दक्षिणेचा हक्क न्यायालयापर्यंत गेला, यावरून या शब्दांमागे केवढे अर्थकारण उभे होते हे ध्यानात येते. परंतु भाषेचे अंगही तितकेच मोलाचे आहे.

सत्यशोधक मंगलाष्टके व पूजाविधी यांची पुस्तिका १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील मंगलाष्टकांना संवादाचे रूप आहे. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव मिळालेला नाही असे वधू सांगते व त्यांचे अधिकार देण्याची शपथ वराकडे मागते. वर त्या अधिकारांसाठी झटण्याचे अभिवचन देतो. एरवी मौन बाळगणारी वधू येथे प्रथम बोलते, वर उत्तर देतो, आणि दोघांचेही शब्द उपस्थितांना समजतात.

हे शब्दही वधूचे नव्हते. ते फुल्यांनी लिहिले होते. वधूच्या मुखातील स्त्रीस्वातंत्र्याची मागणी एका पुरुषाने रचली, याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. तरीही येथे उसनेपणाचे स्वरूप बदलले. शब्द देणारा माणूस ज्ञात होता, त्यामागे त्याचे आयुष्य उभे होते आणि त्या शब्दांसाठी दांपत्याला गावाचा रोष पत्करावा लागत होता. पुढील काळात बौद्ध विवाहविधीत पतिपत्नींच्या परस्परकर्तव्यांवर आधारलेल्या प्रतिज्ञा आल्या. त्यांचा आधार सिगालोवाद सुत्तात आहे. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीने संस्कारांचा अर्थ मराठीतून सांगण्याची पद्धत रुजविली. तयार शब्द, पण समजणारे, असेच या प्रयत्नांचे स्वरूप राहिले.

यंत्राची मराठी व संबोधनाचा प्रश्न

वधूवरांनी आपली प्रतिज्ञा स्वतः लिहावी ही कल्पना अमेरिकेत १९६०–७० च्या दशकांत रुजली. चॅटबॉट मोठ्या लेखनसंचयातून एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे हे हेरून वाक्य घडवितो. त्या संचयात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अल्प आहे. परिणामी मराठीत मागितलेली प्रतिज्ञाही अनेकदा इंग्रजी प्रतिज्ञेचे भाषांतर वाटते. साधा संबोधनाचा प्रश्न घ्यावा. वधूने वरास ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? हे घर, पिढी, जात व प्रदेश यांवर अवलंबून असते. कित्येक घरांत एकांतात ‘तू’ व वडीलधाऱ्यांसमोर ‘अहो’ असा दुहेरी व्यवहार चालतो. इंग्रजीस हा पेच ठाऊक नाही. सांगितल्याशिवाय यंत्रासही तो कळण्याचा मार्ग नाही. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू वराला एकवचनी संबोधते. काव्यात देवालाही एकवचनी संबोधतात, म्हणून यास वृत्ताची सोय म्हणता येईल; परंतु ज्या स्त्रीस पतीचे नावही घेता येत नव्हते तिने भरमंडपात असे बोलावे, ही केवळ सोय खासच नव्हती.

कायद्याचे वाक्य

विवाहात एक वाक्य असे असते की ज्यावर सर्व अवलंबून असते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम १२ नुसार विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर, पक्षकारांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, दोघांनी परस्परांचा कायदेशीर पती वा पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे उच्चारावे लागते. त्याविना विवाह पूर्ण व बंधनकारक होत नाही. तामिळनाडूत १९६७ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमात कलम ७-अ घातले गेले व स्वाभिमान विवाहांना मान्यता मिळाली. तेथेही समजणाऱ्या भाषेतील घोषणा हा विवाह संपन्न करण्याचा एक मार्ग मानला आहे.

हे वाक्य वगळले गेले तर काय होते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये घडले. १९ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या एका विवाहात दांपत्याच्या मित्राने विवाह अधिकाऱ्याची भूमिका पार पाडली व चॅटजीपीटीच्या साहाय्याने तयार केलेले भाषण वाचले. एकमेकांना आधार देण्याची, थट्टामस्करी करण्याची वचने त्यात होती. विवाहामुळे कायद्याने येणारी कर्तव्ये पार पाडू, ही डच नागरी संहितेस आवश्यक असलेली घोषणा मात्र त्यात नव्हती. झ्वोले येथील न्यायालयाने जानेवारी २०२६ मध्ये ही विवाहनोंद चुकीने झाल्याचे ठरवून ती रद्द करण्याचा आदेश दिला. त्या दिवसाशी आपल्या भावना निगडित आहेत, म्हणून विवाहाची तारीख तीच राहावी, अशी दांपत्याची विनंती होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही.