वाकळ देण्याआधी विचारा

आज मी अंथरुणा-पांघरुणाच्या इतिहासावर बोलणार आहे. हसू नका. इतिहास गडकिल्ल्यांचा असतो, तसा वाकळेचाही असतो.

सुरुवात एका घरापासून करते. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईचा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांची आई वारली. दिवस झाल्यावर रीतीप्रमाणे आईचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं. त्याच गाठोड्यात भावाची वाकळही गेली. ताईनं भावाला डोंबिवलीला मुलीच्या घरी नेलं, नवंकोरं मऊ ब्लँकेट आणलं. पण भाऊ झोपेना. रात्रभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. खालच्या मजल्यावरचे लोक येऊन तक्रार करून गेले. कुणी म्हणालं आईचं दुःख आहे, कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल. दुःख तर होतंच. पांघरुणाचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

आता वाकळेकडे येऊ. आपलं कल्याण हे फार जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्यानं इथल्या मालात पितळ, शिसवी लाकूड आणि कापड असल्याचं लिहून ठेवलं आहे. बंदरात कापडाचा व्यापार चाले, पण गरिबाच्या घरात कापड मोजकंच येई. म्हणून जुनं लुगडं, जुनं धोतर कुणी टाकत नसे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे थरावर थर लावायचे आणि धावदोरा घालत कडेपासून आत जायचं. अशी वाकळ चांगली जड होते. अंगावर घेतली की सगळीकडून सारखी बसते, सरकत नाही. तिला घरचाच वास असतो.

१८५३ साली रेल्वे ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला. पुढे भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला, कापड स्वस्त झालं. मग नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, टिकायला चिवट. आपण गोधड्याही त्यांच्याच शिवू लागलो. पण ती गोधडी घाम टिपत नाही, अंगावरून घसरते. शहरातल्या घरांत फोमची गादी आणि हलकी ब्लँकेटं आली. बहुतेकांना हा बदल सोयीचा वाटला. काहींच्या अंगाला तो सोसला नाही.

असं का होतं? स्वमग्न माणसाला स्पर्श, आवाज, उजेड आपल्यापेक्षा वेगळा जाणवू शकतो. कुणाला कॉलरमागची चिठ्ठी काट्यासारखी टोचते. कुणाला अंगावर भार असला की बरं वाटतं, तर कुणाला चादरही नको असते. झोपेच्या तक्रारी अशा माणसांत बऱ्याच आढळतात.

ऑटिझम हे नाव तसं अलीकडचं. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांविषयी लिहिलं. अमेरिकेतल्याच टेंपल ग्रँडिन या स्वमग्न बाईंची गोष्ट तर आपल्याला लगेच कळेल. तरुणपणी मावशीच्या गुरांच्या वाड्यावर त्यांनी पाहिलं, की लस टोचायला खोड्यात घेतलेली काही गुरं दोन्ही बाजूंनी दाब पडताच शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. अंगाला दाब मिळाला की त्यांची घालमेल कमी होई. पुढे त्या प्राध्यापक झाल्या.

आता बाजारात वजनदार ब्लँकेटं मिळतात. पण खरं काय तेही ऐका. २०१४ साली इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांवर त्यांचा अभ्यास झाला. जड पांघरुणानं झोपेचे तास वाढले नाहीत. तरी मुलांना आणि आईबापांना तेच जास्त आवडलं. म्हणजे जड पांघरूण हे औषध नाही, काहींना मिळणारा आराम आहे. आपला गट गोधड्या विकतो, तेव्हा 'हिनं ऑटिझम बरा होतो' असं कधीही सांगायचं नाही.

आणि जबरदस्ती तर मुळीच नको. कॅनडात २००८ साली शाळेत जड पांघरुणात गुंडाळलेला एक लहान स्वमग्न मुलगा दगावला. तोंड झाकायचं नाही, गुंडाळायचं नाही. पांघरूण स्वतःच्या हातानं बाजूला करता आलंच पाहिजे.

कायद्याचाही थोडा इतिहास सांगते. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये आला. आज प्रमाणपत्र मिळतं. आईबापांच्या मागे अठरा वर्षांवरच्या माणसाला पालक नेमून देण्यासाठी जिल्ह्यात समिती असते. पण पालक कागदावर नेमला, तरी त्या माणसाला झोप कशी लागते हे कागद सांगत नाही.

ते आईला माहीत असतं. या आईनं लेकासाठी एकसारख्या तीन वाकळा शिवल्या होत्या, एक धुवायला टाकली तर दुसरी असावी म्हणून. हे तिला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. तिनं कुणाला सांगितलंही नाही. दोन गाठोड्यात गेल्या. तिसरी ताईला गावच्या माळ्यावर सापडली, भाताच्या कणगीवर झाकलेली. उन्हात घालून डोंबिवलीला नेली. भावानं ती हुंगली, डोक्याशी नाही, पायांवर घेतली आणि पहाटे कधीतरी झोपला. अजूनही काही रात्री तो जागतो, आई कुठं आहे असं विचारतो. पण फेऱ्या कमी झाल्या.

तर मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी एवढं करा. वहीच्या एका पानावर लिहा: त्याला कुठलं कापड चालतं, भार हवा की नको, उजेड किती, पंख्याचा आवाज चालतो का, उशी कुठे लागते. नवं पांघरूण आधी दोन-चार वेळा धुवा, चिठ्ठ्या कापा, जुन्याच्या शेजारी आठवडाभर ठेवा, मग बदला. झोप फारच बिघडली तर डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांनीही लक्षात ठेवा: गाठोडं बांधण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, यातलं तुझं काय आहे?

पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगा, मी लिहून देईन.