ओव्हलवरच्या नऊ धावा

हाउन्सलोतल्या मराठी घरात भारत-इंग्लंड कसोटी लागली की दोन पार्ट्या पडतात. आईबाबा एका सोफ्यावर, वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात जन्मलेली मुलं दुसऱ्या. नॉर्मन टेबिट यांनी एप्रिल १९९० मध्ये हाच प्रश्न जाहीरपणे विचारला होता: इथे स्थायिक झालेली आशियाई माणसं क्रिकेटमध्ये कोणाच्या बाजूने ओरडतात? बराच गदारोळ झाला. पण टेबिटसाहेबांना एक ठाऊक नसावं, आपलं ओरडणं नुसतं देशासाठी नसतं, थोडं शिवाजी पार्क आणि दादर युनियनसाठीही असतं!

तर मंडळी, या दिवाळीत फराळाबरोबर इंग्लंडमधल्या आपल्या काही खेळींची उजळणी. यादी माझी आहे, भांडायला सर्वांना मोकळीक.

सुरुवात १९५२ च्या लीड्सपासून. ही कसोटी सर्वांना आठवते ती दुसऱ्या डावातल्या ४ बाद ० साठी. फ्रेड ट्रूमनची ती पहिलीच कसोटी, आणि फलकावर एकही धाव नसताना आपले चार गडी तंबूत! त्या चौघांत माधव मंत्री होते आणि विजय मांजरेकरही. पण त्याच सामन्याच्या पहिल्या डावात ३ बाद ४२ अशी अवस्था असताना याच मांजरेकरने, वयाच्या विसाव्या वर्षी, १३३ धावा काढल्या होत्या. सोबतीला कप्तान विजय हजारे, आपले सांगलीचे, ८९. दोघांची भागी २२२ धावांची. ही खेळी त्या शून्याखाली गाडली गेली याचं मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या डावातही हजारे (५६) आणि फडकर (६४) उभे राहिले म्हणून १६५ तरी झाल्या. सामना अर्थात गेला.

त्यानंतर १९५९ मध्ये ५-०, १९६७ मध्ये ३-०. इंग्लंडमध्ये एकही कसोटी न जिंकता १९७१ उजाडलं.

ओव्हल, २४ ऑगस्ट १९७१. चंद्रशेखरच्या ३८ धावांत ६ बळींमुळे इंग्लंड १०१ मध्ये गारद झालं होतं आणि जिंकायला १७३ हवे होते. गावसकर शून्यावर गेला. शेवटच्या सकाळी २ बाद ७६ वरून खेळ सुरू झाला तो वाडेकर ४५ वर धावबाद होऊनच! कप्तान आत आला आणि चक्क झोपला. आपण जिंकल्याचं केन बॅरिंग्टनने त्याला उठवून सांगितलं म्हणे. मधल्या काळात मडगावच्या दिलीप सरदेसाईच्या ४० आणि विश्वनाथच्या ३३ धावांनी किल्ला लढवला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. ४५ आणि ४० या काही मोठ्या धावा नव्हेत. तरीही इथे तेव्हा नुकत्याच आलेल्या, थंडीत बसस्टॉपवर उभं राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी एखाद्या द्विशतकाहून त्या मोठ्या होत्या, असं माझं मत आहे.

द्विशतक मात्र आलंच, त्याच ओव्हलवर, ४ सप्टेंबर १९७९ ला. जिंकायला ४३८ हवे होते. आदल्या दिवशी बिनबाद ७६, म्हणजे शेवटच्या दिवशी ३६२. असलं लक्ष्य बघून कोणीही सामना वाचवायला खेळेल. गावसकर आणि पुण्यात क्रिकेट शिकलेला चेतन चौहान यांनी २१३ ची सलामी दिली. चौहान ८० वर गेला, मग वेंगसरकर आला. हळूहळू लोकांच्या लक्षात येऊ लागलं की अरे, हे होण्यासारखं आहे! १ बाद ३६६. हव्या फक्त ७२. इथे वेंगसरकर ५२ वर बाद झाला आणि विश्वनाथच्या आधी कपिलला पाठवलं. तो शून्यावर गेला. हा निर्णय मला अजूनही पटलेला नाही. ३८९ वर बोथमने गावसकरला टिपलं: २२१. तो गेल्यावर घाई झाली, गडी पडत गेले आणि ८ बाद ४२९ वर खेळ संपला. सामना अनिर्णित, नऊ धावा कमी.

हा गावसकर म्हणजे लीड्सला शून्यावर गेलेल्या त्या माधव मंत्रींचा सख्खा भाचा. ४ बाद ० ची परतफेड घरातल्या घरात झाली म्हणायची.

पुढचं झटपट सांगते. वेंगसरकरने लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशी सलग तीन कसोटींत शतकं ठोकली. संदीप पाटीलने १९८२ मध्ये मँचेस्टरला नाबाद १२९ करताना बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले, त्यात एक नोबॉल होता.

आणि टेबिट यांनी प्रश्न विचारला त्याच उन्हाळ्यात, १४ ऑगस्ट १९९० ला, मँचेस्टरलाच सतरा वर्षांचा सचिन नाबाद ११९ धावा काढून उभा राहिला. ४०८ चं लक्ष्य, सहा गडी बाद, हार दिसत होती. त्याने आणि मनोज प्रभाकरने १६० धावांची अभेद्य भागी करून सामना वाचवला. लॉर्ड्सवर कसोटी शतक मात्र सचिनलाही कधी जमलं नाही. ते २०१४ मध्ये संगमनेर तालुक्यातल्या आश्वीत जन्मलेल्या अजिंक्य रहाणेला जमलं. हिरव्यागार खेळपट्टीवर ७ बाद १४५ असताना तो भुवनेश्वरला घेऊन उभा राहिला आणि १०३ काढून गेला. ती कसोटी आपण ९५ धावांनी जिंकली.