सोने काळे, मोती पांढरे

जुन्या घरांतून जपून ठेवलेल्या विवाहाच्या तसबिरी पाहताना एक गोष्ट चौकस मनुष्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. नवरीच्या नथीतील मोती टपोरे आणि शुभ्र दिसतात. परंतु गळ्यातील पुतळ्यांची माळ, डोरले, हातांतील पाटल्या आणि गोठ हे सारे काळवंडलेले असते. कपाळावरचे कुंकू तर काजळाच्या टिळ्यासारखे भासते. घरातील मुले विचारतात, पणजीचे दागिने पितळेचे होते काय? वडील मंडळी, तसबीर जुनी झाली म्हणून असे दिसते, एवढे सांगून वेळ मारून नेतात. परंतु हे उत्तर बरोबर नव्हे. तसबीर जुनी झाल्याने सोने काळे पडलेले नाही. ते पहिल्या दिवसापासूनच काळे उतरले होते. असे का झाले हे शोधू लागले असता छायाचित्रणाच्या इतिहासाबरोबर आपल्या गृहजीवनाच्या इतिहासाचेही एक पान उलगडते, आणि जुन्या चित्रावर पुरावा म्हणून कितपत विसंबावे, या प्रश्नाचाही काही निर्णय होतो.

छायाचित्रणाचा आरंभ माणसांपासून झाला नाही, वस्तूंपासून झाला. फ्रान्समधील डागेर याने 1837 साली आपल्या खोलीतील प्लास्टरचे पुतळे व इतर वस्तू खिडकीच्या उजेडात मांडून त्यांचे चित्र घेतले. त्याची कृती 1839 साली पॅरिसमध्ये जगजाहीर झाली. निर्जीव वस्तूंची निवड त्याने रसिकतेने केली असेल, तशीच ती गरजेनेही केली असली पाहिजे. त्या काळी चित्र उमटण्यास मिनिटेच्या मिनिटे लागत, आणि इतका वेळ न हलणारे आज्ञाधारक गिऱ्हाईक पुतळ्यावाचून दुसरे कोण मिळणार? इंग्लंडमध्ये टॅल्बट याने 1844 ते 1846 या काळात 'पेन्सिल ऑफ नेचर' हा ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. त्यात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक चित्र आहे. त्यावर भाष्य करताना त्याने मोठी मार्मिक कल्पना मांडली: हा ठेवा उद्या चोरीस गेला आणि हे मुके चित्र न्यायासनापुढे साक्षीस उभे राहिले, तर तो अगदीच नव्या तऱ्हेचा पुरावा ठरेल. वस्तूंचे चित्र शोभेसाठी असते, तसेच ते गेलेल्या वस्तूची साक्षही होऊ शकते, ही जाणीव या कलेच्या बाल्यावस्थेतच झाली होती.

ही साक्ष वेळेवर न मिळाल्याने काय होते, याचे उदाहरण नागपूरकरांना दूर शोधावयास नको. तिसरे रघूजी भोसले 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले, आणि लॉर्ड डलहौसीने 1854 साली राज्य खालसा केले. राजवाड्यातील चीजवस्तू सरकारने ताब्यात घेतली. हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीच्या बाजारात विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात रवाना झाले. पुढे 1864 साली वाडाही आगीत जळाला आणि नगारखान्याची भव्य कमान तेवढी मागे राहिली. ज्या 1854 साली हे राज्य गेले, त्याच साली मुंबईस फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, हा योगायोग चटका लावणारा आहे. मुंबई येथून पाचशे मैलांहून दूर, आणि आगगाडी नागपुरास पोहोचली ती 1867 साली. विक्रीच्या यादीत दागिन्याचे नाव येते, वजन येते, किंमत येते. त्याची घडण येत नाही. भोसल्यांच्या जामदारखान्यातील शिरपेच कोणत्या घाटाचा होता, मोत्यांचे पदर कसे गुंफले होते, हे सांगण्यास यादी असमर्थ असते. टॅल्बटचा मुका साक्षीदार या कामी उपयोगी पडला असता. परंतु तो या प्रांती उशिरा आला.

मुंबईत मात्र ही कला एतद्देशीयांनी फार लवकर आत्मसात केली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही त्या सोसायटीचे सभासद होते. 1855 साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा धंदा थाटला आणि 1867 च्या पॅरिस येथील प्रदर्शनात त्यांची चित्रे झळकली. निजामाच्या आश्रयास असलेले राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढून तो एका युरोपियन बाईंच्या हाती सोपविला. कुलीन स्त्रियांची चित्रे व्हावीत ही इच्छा समाजात उत्पन्न झाली होती, परंतु परपुरुषाच्या नजरेसमोर बसण्याचा संकोच मावळला नव्हता, हे या एका गोष्टीवरून स्पष्ट होते.

आता सोने काळे का, याकडे वळू. आर्चर या इंग्रज गृहस्थाने 1851 साली शोधून काढलेली ओल्या काचेची पद्धत तीसएक वर्षे सर्वत्र प्रचलित होती. त्या काचेवरील रसायनास निळा व जांभळा प्रकाश तेवढा जाणवे. हिरवा, पिवळा व तांबडा हे रंग तिच्या दृष्टीने जवळजवळ अंधारच होते. या एका दोषाचा आपल्या नवरीवर केवढा परिणाम झाला पाहा. सोने पिवळे, म्हणून काळे. कुंकू तांबडे, म्हणून काळे. चुडा हिरवा, म्हणून काळा. शालू तांबडा असो वा हिरवा, दोन्ही सारखेच गडद. उलट मोती पांढरे, म्हणून उजळ. आणि निळे लुगडे तर नेसणारीस ओळखू येऊ नये इतके फिके. पाटलीच्या कडेवर कोठे एखादी पांढरी रेघ चमकते, ती सोन्याची नव्हे; काचेच्या छतातून आत आलेल्या आकाशाचे ते प्रतिबिंब होय. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा निघाल्या, त्यांच्यातही प्रथम हाच दोष होता. बर्लिन येथील फोगेल या रसायनवेत्त्याने 1873 साली काचेच्या रसायनात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याची दृष्टी दिली. तेव्हा सोने हळूहळू उजळू लागले. तांबड्याचे आंधळेपण मात्र बराच काळ टिकले. अंधाऱ्या खोलीत फोटोग्राफर लाल दिव्याच्या उजेडात काच धूत असे, ते याच आंधळेपणाच्या बळावर. सर्व रंग जाणणाऱ्या काचा 1906 च्या सुमारास बाजारात आल्या. त्यांचा प्रसार झाल्यावर कुंकवाचा काळा टिळा करडा झाला. एकाच घरातील आजी व नात यांच्या चित्रांत कुंकवाचा रंग बदललेला दिसतो, तो रूढी बदलली म्हणून नव्हे, काच बदलली म्हणून.

विवाहाच्या बाबतीत दुसरीही एक अडचण होती. आपल्याकडे गोरज मुहूर्त विशेष शुभ मानतात. त्या घटकेस सूर्य मावळतीस टेकतो आणि प्रकाशातील निळा अंश क्षीण होऊन तांबूस अंश वाढतो. म्हणजे मनुष्याच्या डोळ्यांस जी घटका सर्वांत मोहक, तीच काचेस सर्वांत निरुपयोगी. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. कॅमेऱ्यास त्यातले काहीच दिसले नाही. जर्मनीत 1887 साली मॅग्नेशियमची उजेड पाडणारी भुकटी निघाली. तिने रात्रीचे चित्र शक्य झाले खरे, परंतु कापडी मांडवात भडका आणि धुराचा लोट कोण यजमान खुशीने सोशील? काचेच्या गोळ्यातील निर्धोक झगमगाट 1929 पासून मिळू लागला, आणि मग पुढे फोटोग्राफर निर्धास्तपणे मांडवात शिरला. त्यापूर्वीचे ज्यास आपण लग्नाचे चित्र म्हणतो, ते बहुधा लग्नानंतर भर दिवसा, अंगणात किंवा स्टुडिओत मुद्दाम बसवून घेतलेले असते. शिवाय आपल्या इकडे लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच येतात. नागपूरचा वैशाख 45 अंशांपर्यंत तापतो, आणि जिलेटिनची काच धुण्यास पाणी 20 अंशांच्या आसपास हवे. त्याहून फार उष्ण पाण्यात तिचा थर मऊ होऊन सुटू लागतो. उष्ण देशांतील फोटोग्राफर यावर तुरटीच्या पाण्याने थर कठीण करणे, बर्फ वापरणे आणि काच उत्तररात्री धुणे असे उपाय योजीत.

मग त्या काळी कसबी माणसाने दागिन्याचे चांगले चित्र घेतलेच नाही काय? घेतले, पण दागिना अंगावरून उतरवून आणि त्यास निर्जीव वस्तूप्रमाणे वागवून. सोन्याचा तुकडा हा एक वाकडातिकडा आरसाच असतो. समोर जे असेल ते तो दाखवितो. म्हणून त्याच्याभोवती पांढऱ्या तलम कापडाचा किंवा पातळ कागदाचा लहानसा तंबू करावयाचा, म्हणजे प्रतिबिंब पडले तरी ते शुभ्रतेचे पडते. पण केवळ शुभ्रतेने घडण सपाट दिसते. म्हणून एका बाजूस काळ्या कागदाची पट्टी उभी करावयाची, तिच्या छायेने कडा उठून येतात. मोती काळ्या मखमलीवर ठेवावेत. हिऱ्याची रीत निराळी. मऊ प्रकाशात तो काचेच्या खड्यासारखा निस्तेज दिसतो, त्यास एका लहानशा तीव्र दिव्याची तिरीप लागते. कॅमेरा जवळ नेला की नथीचा मोती स्पष्ट आणि आकडा अस्पष्ट अशी गत होते. म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करून वेळ वाढवावयाचा. दागिना निश्चल असल्यामुळे ही चैन परवडते. नवरीस हे काहीच करता येत नसे. तिला तंबूत बसविता येत नाही आणि श्वास रोखून किती वेळ राहा म्हणावे?

जे काचेस साधले नाही ते कुंचल्याने साधावयाचे, असा तोड फोटोग्राफरांनी काढला. तयार चित्रावर चितारी सोनेरी रंगाने पुतळीन् पुतळी रंगवी, कुंकवास तांबडा ठिपका देई, शालूस काठ काढी. कित्येकांना ही लबाडी वाटते. आमच्या मते ती दुरुस्ती होय. मात्र कुंचला एकदा हाती आला म्हणजे तो आहे त्यावर थांबतोच असे नाही. अंगावर नसलेला तन्मणी चित्रात घालणेही त्याला तितकेच सोपे. यास्तव रंगविलेले चित्र पाहताना रंगाखाली काचेवर उमटलेली आकृती आहे की नाही, हे बारकाईने पाहिले पाहिजे.

या सर्वांवरून इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे घ्यावे की जुने चित्र खोटे बोलत नाही, परंतु त्याची भाषा समजून घ्यावी लागते. रंगाच्या बाबतीत ते अविश्वसनीय. घाटाच्या बाबतीत बरेचसे विश्वसनीय. मालकीच्या बाबतीत मुकेच, कारण लग्नात शेजारणीची वाकी मागून आणण्याची चाल आपणांस ठाऊक आहे. मात्र एका बाबतीत ते निष्ठुरपणे खरे बोलते. मुलीचे किमान वय 14 व मुलाचे 18 ठरविणारा कायदा 1929 साली झाला. त्यापूर्वीच्या चित्रांत शालूच्या घड्यांत बुडालेली, पाय जमिनीस न टेकणारी नवरी खुर्चीत बसलेली आढळते. तिच्या वयाबद्दल घरातील आठवण काहीही सांगो; खुर्चीची उंची आणि तिची उंची चित्रात शेजारी-शेजारी आहेत.

आज खिशातल्या यंत्रासही सगळे रंग दिसतात आणि लग्नागणिक हजारांनी चित्रे निघतात. विपुलतेने एक दोष गेला आणि दुसरा आला: सोने आता हवे तितके पिवळे करता येते, चेहरा हवा तितका उजळता येतो. जुन्या काचेचा आंधळेपणा सर्वांस सारखाच लागू होता. नवी दुरुस्ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. म्हणून शंभर सजविलेल्या चित्रांबरोबर एक तरी चित्र साधे, न सुधारलेले ठेवावे. आणि घरातील चार जुने दागिने मोडीत जाण्यापूर्वी पांढऱ्या कापडावर, शेजारी मोजपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात त्यांचे चित्र घ्यावे. दागिने राहत नाहीत. ते दुष्काळात, आजारात, मुलांच्या शिक्षणात खर्ची पडतात, आणि तसे पडावेत म्हणूनच ते पूर्वजांनी केले. परंतु घडण विसरली जाऊ नये. आणि तसबिरीच्या पाठीमागे पेन्सिलीने नवरीचे नाव लिहावे. नवऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी 'सौभाग्यवती' एवढेच नव्हे, तर तिचे स्वतःचे, माहेरचेही. काचेस जे रंग दिसले नाहीत ते आता परत येणार नाहीत. पण ती कोण होती हे लिहून ठेवणे अजून आपल्या हाती आहे.