सायन्स पार्क म्हणजे काय? विद्यापीठातल्या संशोधनातून कंपन्या कशा उभ्या राहतात?

विद्यापीठात एखादा शोध लागतो, शोधनिबंध छापून येतो, संशोधकाला पीएचडी मिळते. पुढे? बऱ्याचदा ते काम कपाटातच राहतं. शोध चांगला असला तरी त्याचं यंत्र, औषध किंवा सेवा करून विकण्यासाठी लागणारे पैसे, जागा आणि माणसं प्राध्यापकाकडे नसतात. बँक कर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला काही नसतं. मोठी कंपनी लक्ष देत नाही, कारण अजून काही सिद्ध झालेलं नसतं. ही अडचण सोडवण्यासाठी सायन्स पार्कची कल्पना पुढे आली.

सायन्स पार्क आणि आयटी पार्क यांत फरक काय?

आपल्याकडे 'पार्क' म्हटलं की हिंजवडीसारख्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीने उभारलं. तिथे येण्यासाठी कंपनीचं कुठल्या विद्यापीठाशी नातं असावं लागत नाही.

सायन्स पार्कचा पाया मात्र हे नातंच असतो. जमीन अनेकदा विद्यापीठाची किंवा कॉलेजची असते, प्रयोगशाळा जवळ असतात आणि जागा देताना ही कंपनी संशोधन करते का, हे पाहिलं जातं.

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे हजारो एकर जमीन होती, पण देणगीच्या अटीमुळे ती विकता येत नव्हती. मग ती भाड्याने देण्याचा मार्ग निघाला आणि १९५१ मध्ये स्टॅनफर्ड इंडस्ट्रियल पार्क सुरू झालं. इंजिनिअरिंगचे डीन फ्रेडरिक टर्मन यांचा आग्रह होता की, विद्यापीठाला उपयोगी पडतील अशा तंत्रज्ञान कंपन्यांनाच इथे जागा द्यावी. व्हेरियन ही पहिली भाडेकरू कंपनी. टर्मन यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेली ह्युलेट-पॅकार्डही नंतर इथे आली. पुढे याच परिसराला 'सिलिकॉन व्हॅली' हे नाव पडलं.

केंब्रिजने काय केलं?

इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये परिस्थिती उलट होती. जुनं, शांत विद्यापीठाचं गाव बिघडू नये म्हणून १९५० नंतर तिथे उद्योगांना जवळपास बंदीच होती. शास्त्रज्ञ तयार होत होते, पण कंपन्यांना जागा नव्हती. १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या समितीने सुचवलं की, विज्ञानावर आधारलेल्या उद्योगांना विद्यापीठाजवळ येऊ द्यावं.

पुढच्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजने शहराच्या उत्तरेकडची आपली जमीन यासाठी दिली. दुसऱ्या महायुद्धात याच जागेवर अमेरिकन सैन्य नॉर्मंडीच्या चढाईसाठी रणगाडे तयार करत होतं. पहिली कंपनी, लेझर-स्कॅन, यायला १९७३ उजाडलं. सुरुवातीची काही वर्षं कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पण कॉलेजला घाई नव्हती. नफ्यासाठी कुणालाही जागा देण्याऐवजी त्यांनी वाट पाहिली आणि नंतर केंब्रिज परिसरात शेकडो तंत्रज्ञान कंपन्या उभ्या राहिल्या.

कंपनीला नेमका फायदा काय होतो?

• छोटी जागा, लवचीक करार: दोन खोल्यांत सुरुवात करून कंपनी वाढेल तशी जागा वाढवता येते.

• महागडी यंत्रं: कोट्यवधींचं उपकरण विकत न घेता विद्यापीठाचं किंवा सामायिक उपकरण तासाच्या हिशोबाने वापरता येतं.

• माणसं: पीएचडी संपवणारे विद्यार्थी शेजारीच असतात. प्राध्यापक नोकरी न सोडता सल्लागार होऊ शकतात.

• कागदपत्रं: पेटंट कुणाचं, विद्यापीठाचा वाटा किती, हे ठरवायला मदत मिळते. हे आधी नीट ठरलं नाही, तर गुंतवणूकदार हात आखडता घेतात.

• ओळखी: गुंतवणूकदार, पेटंट वकील आणि हेच सगळं आधी केलेले उद्योजक एकाच ठिकाणी भेटतात.

एक उदाहरण: डीएनए वाचणारी कंपनी

चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यम आणि डेव्हिड क्लेनरमन हे केंब्रिज विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ. डीएनएचे असंख्य तुकडे एकाच वेळी, चमकणाऱ्या रंगांच्या मदतीने वाचण्याची पद्धत त्यांना सुचली. १९९८ मध्ये अ‍ॅबिंगवर्थ या गुंतवणूक संस्थेच्या पैशांतून सोलेक्सा ही कंपनी निघाली. सुरुवातीचं काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच चाललं. नंतर कंपनी केंब्रिजजवळच्या चेस्टरफर्ड रिसर्च पार्कमध्ये गेली.

पहिलं यंत्र बाजारात आलं २००६ मध्ये, म्हणजे कंपनी सुरू झाल्यावर आठ वर्षांनी. २००७ मध्ये अमेरिकेच्या इल्युमिना कंपनीने सुमारे ६० कोटी डॉलरना सोलेक्सा विकत घेतली. आज कॅन्सरच्या तपासणीपासून करोना विषाणूचे नवे प्रकार ओळखण्यापर्यंत हे तंत्र जगभर वापरलं जातं. विक्री शून्य असलेली ती आठ वर्षं तगून राहणं, हाच अशा कंपन्यांचा सगळ्यात अवघड टप्पा असतो.

भारतात काय चाललंय?

२०१० मध्ये सुरू झालेलं आयआयटी मद्रास रिसर्च पार्क हे यातलं ठळक नाव. प्रा. अशोक झुनझुनवाला यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. तिथे कंपन्यांना फक्त भाडं भरून चालत नाही. विद्यार्थी आणि प्राध्यापकांसोबत काम करून 'क्रेडिट' मिळवावे लागतात. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी एथर आणि २०२४ मध्ये स्वतःचं रॉकेट उडवणारी अग्निकुल या कंपन्या आयआयटी मद्रासच्याच वातावरणात वाढल्या.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. २००७ पासून ते रसायन, जैवतंत्रज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांतल्या नव्या कंपन्यांना प्रयोगशाळा आणि पेटंटचं मार्गदर्शन देतं.

पार्क बांधलं की कंपन्या येतात का?

नाही. डोरीन मॅसी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या पार्कांवर कडक टीका करणारं पुस्तक लिहिलं. इमारती शेजारी उभ्या केल्या म्हणून ज्ञान आपोआप कंपनीत जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पार्कमधल्या कंपन्या चांगल्या चालतात, कारण मुळात चांगल्या कंपन्यांनाच तिथे जागा मिळते, हाही मुद्दा अभ्यासक मांडतात.

धोका खरा आहे. जागा रिकामी राहिली की मालक कुणालाही भाडेकरू म्हणून घेतो. मग नाव सायन्स पार्क आणि आत नेहमीची ऑफिसं, असं होतं. विद्यापीठाची जमीन जाते आणि संशोधन कपाटातच राहतं.

थोडक्यात

तुमच्या शहरात नवं सायन्स पार्क जाहीर झालं, तर इमारत किती मजली आहे यापेक्षा चार प्रश्न विचारा. शेजारच्या विद्यापीठात दमदार संशोधन होतं का? भाडेकरू निवडायचा नियम काय? प्राध्यापकांना कंपनी काढायची मुभा आहे का? आणि पहिली दहा वर्षं फारसा नफा झाला नाही, तरी मालक थांबायला तयार आहे का? चारही उत्तरं 'हो' आणि स्पष्ट असतील, तर त्या पार्कमधून काहीतरी उभं राहण्याची शक्यता आहे.