पाठरचनाकाराचे दप्तर : नाव, लिपी आणि निवारा

‘दप्तर’ या शब्दाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रीक भाषेतील कातडे या अर्थाच्या शब्दापासून तो फारसीत आला आणि फारसीतून मराठीत रूढ झाला. पेशवाईत दप्तर म्हणजे राज्यकारभाराच्या कागदांचा संग्रह. आज शाळकरी मुलाच्या पाठीवरील पिशवीसही तोच शब्द लावतात. इंग्रजीत ज्यास पोर्टफोलिओ म्हणतात त्या शब्दाचे मूळ इटालियन असून त्याचा अर्थ पाने वाहून नेणारे साधन असा आहे. एका शब्दात जतन करण्याची कल्पना प्रधान आहे, तर दुसऱ्यात वाहून नेण्याची. ज्यास आज इन्स्ट्रक्शनल डिझायनर हे नाव आहे, त्या पाठरचनाकाराच्या व्यावसायिक कार्यसंग्रहाचा विचार करताना या दोन्ही कल्पना एकत्र आणाव्या लागतात.

पाठरचना हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून अर्वाचीन आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणातून त्याचा पाया घातला गेला. १९६५ साली रॉबर्ट गान्ये यांचा अध्ययनाच्या अटींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९७५ साली फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकन सैन्यासाठी विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी व मूल्यमापन या पाच टप्प्यांची पद्धती सिद्ध झाली. परंतु व्यवसायास नाव मिळण्यापूर्वीही ते काम चाललेच होते. महाराष्ट्रात त्याचा आरंभ १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीपर्यंत मागे नेता येतो. मराठीत गणित, व्याकरण, भूगोल शिकवावयाचे तर विषयाचे तुकडे पाडणे, परिभाषा घडविणे आणि क्रम लावणे ही कामे कोणीतरी करणे प्राप्तच होते.

ती कामे करणाऱ्यांच्या नावांचे काय झाले, हा पहिला प्रश्न. १८२९ साली ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रसिद्ध झाला. तो जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी पंडितांनी सिद्ध केला होता. दोनच वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. पुढे मोल्सवर्थ हे नाव कोशाचाच पर्याय होऊन बसले. शास्त्रीमंडळींची नावे मात्र अभ्यासकांच्या वर्तुळापलीकडे फारशी गेली नाहीत. याउलट दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली त्यांच्या स्वतःच्या नावाने निघाले, आणि मराठी व्याकरणपरंपरेत त्यांचे स्थान निश्चित झाले. श्रमाची प्रत दोहोंकडे थोर होती. फरक पडला तो कर्तृत्वाच्या नोंदीने.

हाच भेद आज कायद्याच्या भाषेत उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमान्वये, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, सामान्यतः नोकरी देणारा असतो. तथापि त्याच कायद्याचे ५७ वे कलम कर्त्यास आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क स्वामित्वाहून वेगळा राखून देते. पाठरचनाकाराची अडचण नेमकी या दोन कलमांमधील पट्टीवर आहे. आपण अमुक अभ्यासक्रम रचला असे त्यास म्हणता येते. तो अभ्यासक्रम जसाच्या तसा लोकांपुढे मांडण्यास मात्र स्वामीची अनुज्ञा लागते. यास्तव चांगल्या कार्यसंग्रहात तयार वस्तूपेक्षा विचारप्रक्रियेस अधिक जागा असते : शिकणारा कोण होता, अडचण कोणती होती, कोणते पर्याय टाकून दिले व का, आणि शिकणाऱ्यात कोणता बदल आढळला. गोपनीय मजकुराच्या जागी त्याच रचनेचा स्वतंत्र विषयावरील नमुना पाठ तयार करता येतो.

दुसरा प्रश्न लिपीचा व स्वरूपाचा. संगणकावर मराठी आली तेव्हा प्रत्येक अक्षरसंचाची सांकेतिक मांडणी निराळी होती. एका यंत्रावर सुबोध असलेला पाठ दुसऱ्या यंत्रावर तोच संच नसल्यास निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसे. १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतावर आधारलेली देवनागरी १९९१ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. परंतु जुन्या संचांतील मजकूर रूपांतराविना तसाच राहिला. चलत्पाठांची गत याहून कठीण झाली. संगणकावरील पाठांसाठी फ्लॅश हे तंत्र फार वापरात होते. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील आशय चालेनासा झाला. ज्यांचा कार्यसंग्रह सर्वस्वी त्या तंत्रात होता, त्यांची वर्षांची मेहनत नष्ट न होताही अदृश्य झाली. मोडी लिपी वाचणारे विरळ झाल्यावर रुमालांत बांधलेल्या कागदांचे जे झाले, त्याच जातीची ही घटना होय. फरक इतकाच की तेथे अनेक दशके लागली, येथे एक दिवस पुरला.

तिसरा प्रश्न निवाऱ्याचा. याहूच्या जिओसिटीजवरील अमेरिकेतील असंख्य वैयक्तिक पाने २००९ साली बंद झाली. शिक्षकांत प्रिय असलेले विकीस्पेसेस २०१८ साली टप्प्याटप्प्याने आवरले गेले. दोन्ही ठिकाणी पत्ताही परक्याचा आणि घरही परक्याचे होते. पत्ता आणि निवारा या वस्तुतः दोन भिन्न गोष्टी होत. स्वतःच्या नावाचा पत्ता नोंदवून ठेवल्यास यजमान बदलला तरी वाचकाची वाट तीच राहते. हा पत्ताही भाडेपट्ट्यानेच मिळतो व मुदतीत नूतनीकरण न केल्यास हातचा जातो, हे खरे. तथापि हलविण्याचे स्वातंत्र्य त्यात आहे. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी अंत्यपदासह पत्ता घेता येतो, हे मराठी पाठरचनाकाराने ध्यानी घेण्यासारखे आहे.

निवारा ही अमूर्त वस्तू नव्हे, हे पनवेल परिसरात सहज दिसते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलचा पश्चिम भाग म्हणजे खांदा कॉलनी. खांदेश्वराचे देऊळ व तलाव ही तिची खूण. त्याच पनवेलच्या परिसरात जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीच्या ‘एनएम-१’ या डेटा सेंटरचे उद्घाटन झाले. ज्यास मेघ म्हणतात तो अखेर वीज, थंडावा, पहारा आणि भाडे यांवर उभी असलेली इमारतच असतो. खांदा कॉलनीतील एखाद्या पाठरचनाकाराची पाने जवळच्या इमारतीत असतील किंवा दुसऱ्या खंडात. सांभाळ करणारा कोण आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

या तिन्ही प्रश्नांचा मेळ सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम केलेल्या रणजितसिंह डिसले यांच्या उदाहरणात दिसतो. त्यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडून कागदावरील पाठास ध्वनी व चित्राची जोड दिली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांस मिळाला व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. येथे खेड्यातील पाठरचनेस कर्त्याचे नाव लाभले. परंतु छापलेला संकेत हा केवळ दाराचा क्रमांक असतो; दारामागील पान हलले तर पुस्तक शाबूत राहूनही पाठ हरवतो.

पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड संपादित केले. ते शक्य झाले, कारण कागद राखण्याची जबाबदारी कोणत्या ना कोणत्या यंत्रणेवर सतत होती. आजच्या पाठरचनाकारामागे अशी यंत्रणा नाही. तोच कर्ता, तोच दप्तरदार. म्हणून मूळ मजकूर युनिकोडमध्ये व साध्या पानांत ठेवणे, त्याची एक प्रत स्वतःजवळ राखणे, पत्ता आपल्या नावे घेणे आणि प्रत्येक कृतीपुढे वर्ष व सहकाऱ्यांची नावे लिहिणे ही त्याची किमान कर्तव्ये ठरतात. विद्यापीठीय विभागांवरही एक भार येतो. विद्यार्थी प्रबंध सादर करतात त्याची प्रत ग्रंथालयात राहते. त्यांनी रचलेले पाठ मात्र पदवीबरोबर विखुरतात. ते ठेवून घेण्याची सोय विभागांनी केली नाही, तर या काळातील मराठी पाठरचनेचा इतिहास लिहिणाऱ्यास १८२९ च्या शास्त्रीमंडळींविषयी जितके साधन मिळते, तितकेही मिळणार नाही.