माहुल

माहुल : मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर चेंबूरला लागून असलेले जुने कोळी गाव, तसेच याच नावाने ओळखली जाणारी प्रकल्पबाधितांची वसाहत. दोन्हींची हवा एकच, कहाणी मात्र उलटी. गावाच्या दारात कारखाने आले. वसाहतीतल्या माणसांना कारखान्यांच्या दारात नेऊन ठेवले.

गाव खाडीच्या मासळीवर जगत होते. १९५०च्या दशकात शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले (आजचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम). पुढे वीजकेंद्र, खत कारखाना आणि रसायने साठवणाऱ्या टाक्याही आल्या. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणण्याची मुंबईकरांची सवय जुनीच.

माहुलचे प्रदूषण केवळ धुरांड्यातून निघत नाही. टाकीत किंवा टँकरमध्ये द्रव भरू लागले की आतली वाफ बाहेर ढकलली जाते. टोल्युइनसारखी बाष्पनशील संयुगे अशी हवेत मिसळतात. दिसत काही नाही, डोळे मात्र चुरचुरतात आणि छाती भरून येते. केईएम रुग्णालयाच्या २०१३च्या पाहणीत ६७.१ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५मध्ये माहुल व आंबापाडा इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे निकालात नोंदवले.

निकाल कागदावर राहिला. २०१७मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या गेल्या आणि हजारो कुटुंबांना इथल्याच ७२ इमारतींच्या ‘एव्हरस्माइल’ वसाहतीत पाठवले. (नाव कुणी ठेवले कोण जाणे.) इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडावी तर वास, बंद ठेवावी तर घुसमट. ८ ऑगस्ट २०१८ रोजी शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा हे शेजारपण किती जवळचे आहे ते साऱ्या शहराला कळले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अनेक कुटुंबे मिळालेले पक्के घर सोडून विद्याविहारच्या पदपथावर येऊन बसली. मुंबईत डोक्यावरचे छप्पर कुणी हौसेने सोडत नाही. माहुलच्या हवेबद्दल याहून बोलका पुरावा कुठल्या अहवालात मिळणार नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुणालाही सक्तीने माहुलला पाठवू नये असे बजावले आणि बाधित कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. काही कुटुंबांना पुढे अन्यत्र घरे मिळाली. बाकीची तिथेच राहिली.

मूळ गावकऱ्यांसाठी मात्र दुसरीकडे घर हा उपाय नव्हताच. त्यांची होडी, खाडी आणि गावठाण माहुललाच आहे.

वसाहतीतली हजारो घरे पुढेही रिकामी पडून होती. २०२५मध्ये मुंबई महापालिकेने ती प्रत्येकी १२.६० लाख रुपयांना आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी विक्रीला काढली. मुंबईतल्या घराच्या मानाने हा भाव मातीमोल. तरी प्रतिसाद थंडच होता.