काठीची राजवाडी होळी

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री होणारा भिल्ल समाजाचा सामूहिक उत्सव. काठी हे खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एक होते. संस्थान गेले, होळीच्या नावातला ‘राजवाडी’ हा शब्द मात्र टिकला. या होळीचा आरंभ इ.स. १२४६ चा सांगतात. साल मौखिक परंपरेतले आहे, इतके ध्यानात ठेवून ते वापरावे.

होळीसाठी साठ-सत्तर फुटांचा सरळ, शेंड्यासकट बांबू जंगलातून खांद्यावर वाहून आणतात. तो रोवण्याचा खड्डा कुदळ-फावडे न लावता हातांनी उकरतात. आलेला प्रत्येक जण मूठभर माती काढून जातो. बांबूच्या या दांड्याला गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंकण वाहतात. मग लाकडांचे टेकू देत, ओरडून एकमेकांना सांभाळत तो उभा करतात. एवढा लांब बांबू चार-सहा जणांना पेलत नाही आणि एकाने आधी सोडला तर बाकीच्यांच्या अंगावर येतो. गावोगावच्या, एरवी क्वचितच भेटणाऱ्या माणसांचा एकमेकांवरचा भरवसा इथे वर्षातून एकदा उघड्यावर तपासला जातो. होळी पेटते ती पहाटे. तोवर रात्रभर ढोल आणि पाव्यावर नाच चालतो.

नाचणाऱ्यांत नवस बोललेल्यांचा मान मोठा. कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरी नक्षी, असा त्यांचा साज. ते काही दिवस ‘पाळणी’ करतात: ब्रह्मचर्य पाळायचे, खाटेवर झोपायचे नाही. हा नियम पोलीसपाटील सांगत नाही आणि मोडला म्हणून दंडही कोणी घेत नाही. नवस स्वतःचा, राखायचा तोही स्वतःच. तरी घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या साथीवाचून पाळणी निभत नाही.

सातपुड्यातल्या सगळ्या होळ्या एकाच रात्री होत नाहीत, ही बाब प्रस्तुत नोंदीच्या मते सर्वांत महत्त्वाची. डाब गावची देवहोळी आधी होते, मग काठीची आणि पुढे इतर गावांच्या ठरलेल्या क्रमाने येतात. त्यामुळे एका गावचा ढोल दुसऱ्या गावी वाजू शकतो आणि पाहुणचार फिरता राहतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात खरेदीइतक्याच गाठीभेटी आणि सोयरिकीच्या गोष्टी होतात.

याच मुलखात समाज सुधारण्याची एक वाट तळोदे तालुक्यातील रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ मध्ये दाखवली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. ती नवी शिस्त होती आणि होळीची जुनी; दोन्हींचा भर समूहाने स्वेच्छेने पाळलेल्या नियमावर आहे. होळीतला स्त्रियांचा वाटा मात्र दांडा आणि पाळणीच्या वर्णनांत फारच कमी येतो. तो नोंदवणे हे पुढच्या अभ्यासकाचे काम.

अलीकडे छायाचित्रकारांची आणि पर्यटकांची गर्दी वाढली आहे. पाहायला जाणाऱ्याने रात्रभर जागण्याची तयारी ठेवावी आणि पाळणीतल्या माणसाला फोटोसाठी अडवू नये.